चौरस, तिखट आणि तीव्र : धारेच्या शब्दांचा माग

कसबा पेठेतल्या आळ्यांची नावे धंद्यांवरून पडली आहेत. तांबट आळी, शिंपी आळी, कुंभारवाडा. यांतले धंदे आता रोडावले, वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, आणि पेठेत सगळ्यांत जास्त ऐकू येणारा शब्द ‘चौरस फूट’ हा झाला. मालकाला किती, जुन्या भाडेकरूला किती, सगळा हिशेब चौरस फुटांत. हा ‘चौरस’ शब्द मूळचा धारेचा आहे आणि इंग्रजीतल्या ‘अक्यूट’ व ‘ॲसिड’ या शब्दांचा तो सख्खा नसला तरी चुलत भाऊ आहे, असे सांगितले तर ऐकणारा हसतो. मी भाषाशास्त्राचा पदवीधर नाही; कोश चाळता चाळता जे शिकलो तेवढेच. पण हे नाते कल्पनेतले नव्हे. त्याचा माग काढताना शेवटी जो प्रश्न हाती लागला तो दवाखान्यातला निघाला, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी लॅटिनकडे पाहू. तिथे ‘आकुस’ म्हणजे सुई, ‘आकुएरे’ म्हणजे धार लावणे, ‘आकुतुस’ म्हणजे धार लावलेले, ‘आकेर’ म्हणजे तीक्ष्ण आणि ‘आकिदुस’ म्हणजे आंबट. इंग्रजीने या घरातून भरपूर उचल केली. अक्यूट आणि ॲसिड तर उघडच आहेत. बुद्धीच्या धारेला ‘ॲक्युमेन’ म्हणतात. ‘व्हिनेगर’ म्हणजे फ्रेंचांची आंबलेली वाइन. ‘क्यूट’ हा तर ‘अक्यूट’चाच पहिला स्वर गळालेला अवतार, त्याचा आधीचा अर्थ चलाख, गोंडस हा नंतरचा. ‘ॲक्युपंक्चर’ हा उपचार चीनचा, पण नाव लॅटिन. जपानमध्ये राहून आलेला डच ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य विलेम टेन ऱ्हाइने याने १६८३ साली लंडनमध्ये छापलेल्या आपल्या लॅटिन ग्रंथात तो शब्द वापरला आणि युरोपात तो रूढ झाला.

आता आपल्याकडे. लॅटिनमध्ये जिथे ‘क’ येतो तिथे संस्कृतात पुष्कळदा ‘श’ येतो. लॅटिन ‘केंतुम’, संस्कृत ‘शतम्’. लॅटिन ‘देकेम’, संस्कृत ‘दश’. हाच नियम ‘आक्’ला लावला की संस्कृतात ‘अश्’ मिळायला हवा, आणि तो मिळतो. ‘अश्रि’ म्हणजे धार, कडा, कोपरा. ऋग्वेदात इंद्राच्या शस्त्राला ‘चतुरश्रि’, म्हणजे चार धारांचे, असे विशेषण आले आहे. शुल्बसूत्रांत वेदी मोजताना हाच शब्द भूमितीत उतरला. समचतुरश्र म्हणजे चौरस, दीर्घचतुरश्र म्हणजे आयत. नाट्यशास्त्रात नाट्यगृहाचे चतुरश्र आणि त्र्यश्र असे आकार आहेत. तालाच्या जातींतही ही नावे आहेत. ‘श्र’च्या जागी ‘स्र’ही लिहिला जातो. या ‘चतुरस्र’चा झिजून झाला ‘चौरस’. वज्राची धार गेली, कोपरे उरले, आणि ते कोपरे आता सदनिकांच्या भावात मोजले जातात.

सुश्रुताकडे तर सुई आणि हा शब्द एकत्रच भेटतात. जखम शिवण्याच्या सुया सांगताना तो पातळ मांसासाठी दोन अंगुळे लांबीची गोल सुई सांगतो, मांसल भागासाठी तीन अंगुळांची ‘त्र्यस्र’, म्हणजे तीन धारांची, आणि पोट व मर्मस्थानांसाठी धनुष्यासारखी वाकडी.

दिसण्यावर मात्र जाऊ नये. ‘अंकुश’ टोचतो खरा, पण त्याच्या मुळाशी वाकण्याचा अर्थ आहे, म्हणून त्याचे नाते जहाजाच्या ‘अँकर’शी लागते. ‘सुईण’ हिचा सुईशी काहीच संबंध नाही. ती ‘सूतिका’ या शब्दावरून आली, प्रसूतीच्या घरातून.

मराठीने तीक्ष्णपणासाठी दुसराही धातू जवळ केला, तो ‘तिज्’. त्यातून तेज आले, तीक्ष्ण आले आणि प्राकृतातल्या ‘तिक्ख’मधून तिखट आले. ग्रीकांचा ‘स्टिग्मा’, म्हणजे टोचून केलेली खूण, याच घराण्यातला. बाजारातली ‘तेजी’ फारसीतून आली, पण मूळ तेच. इथे एक मौज आहे. जिभेला टोचणारी चव म्हटल्यावर लॅटिनला आंबट आठवले, मराठीला तिखट. मिरची पोर्तुगिजांबरोबर आली. त्याआधी ही टोचणी मिऱ्याची होती. वैद्यकात मात्र ‘तिक्त’ म्हणजे कडू आणि ‘कटु’ म्हणजे तिखट. आपला ‘कडू’ शब्द मात्र त्याच ‘कटु’पासून आलेला. चवींनी नावांची अदलाबदल केली आहे.

सुईचे आपण आणखी एक काम करून घेतले, ते म्हणजे दाखवण्याचे. ‘सूची’ म्हणजे सुई, आणि दाखवून देणारी यादीही. ‘सूचना’ आणि ‘सूचक’ हे शब्द याच कुळातले. सोसायटीच्या सभेत सूचक-अनुमोदक लागतात, भूगोलाच्या पुस्तकात सूचिपर्णी अरण्ये असतात, आणि राज्यघटनेच्या शेवटी अनुसूची असतात. ‘अनुसूचित’ या शब्दावर कोट्यवधी लोकांचे हक्क उभे आहेत. त्याच्या पोटात एक सुई आहे, याद्यांकडे बोट दाखवणारी.

म्हणजे टोकाची कल्पना एक, पण प्रत्येक भाषेने तिच्यातला वेगळा गुण धरून ठेवला. कोणी आंबटपणा, कोणी तिखटपणा, कोणी कोपरा, कोणी दाखवणे. एका भाषेतला टोकाचा शब्द दुसरीत नेताना यांतला कोणता गुण न्यायचा आहे हे पाहावे लागते. भूमितीत आपण शहाणपण केले. अक्यूट अँगलचे टोक सोडले आणि माप धरून ‘लघुकोन’ म्हटले. वैद्यकात तसे झाले नाही.

ग्रीक वैद्यांचा शब्द होता ‘ऑक्सिस’. त्याचा अर्थ तीक्ष्ण, आणि वेगवानही. झपाट्याने येणाऱ्या आणि थोड्या काळात निकाल लागणाऱ्या आजारांना ते हा शब्द लावत. हिप्पोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रंथसमूहात अशा आजारांतल्या पथ्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. लॅटिनने त्याचा ‘आकुतुस’ केला, इंग्रजीने ‘अक्यूट’, आणि आपण केला ‘तीव्र’. मूळ शब्द आजाराचा काळ सांगत होता. आपला शब्द जोर सांगतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्याच आळीतला एक तरुण वडिलांचा दवाखान्यातला कागद घेऊन आला. त्यावर ‘अक्यूट गॅस्ट्रायटिस’ लिहिले होते. त्याने मोबाइलवर अर्थ पाहिला होता. “तीव्र म्हणजे हाताबाहेर गेलंय का हो, काका?” घरात रात्रभर कोणी झोपले नव्हते. गृहस्थ चार दिवसांत बरे झाले. त्याच घरात आईच्या कागदावर मूत्रपिंडाचा ‘क्रॉनिक’ आजार लिहिलेला होता. त्याचे मराठी ‘जुनाट’. जुनाटच आहे, चालायचेच, म्हणून तिची तपासणी सहा महिने राहून गेली होती. ज्याची भीती बाळगायची ते सौम्य वाटले, आणि जे चार दिवसांचे ते भयंकर.

अक्यूट आजार सौम्यच असतो असे नाही. हृदयविकाराचा झटका अक्यूटच असतो. पण तो किती गंभीर आहे हे त्या शब्दावरून कळत नाही, आणि ‘तीव्र’ वाचणाऱ्याला ते कळल्यासारखे वाटते.

आयुर्वेदात तापाची वाटणी ‘नवज्वर’ आणि ‘जीर्णज्वर’ अशी आहे. नवा ताप आणि मुरलेला ताप. काळाची ही जोडी आपल्याकडे तयार होती. आज ‘नवा’ म्हणणे जमणार नसेल तर ‘अचानक उद्भवलेला’ म्हणावे, आणि क्रॉनिकला ‘दीर्घकाळ उपचार लागणारा’. शब्द लांबतात, कोशकारांना ते आवडणार नाहीत. पण रुग्णाच्या हातातला कागद कोशासाठी नसतो. तो वाचून घरच्यांना दोनच गोष्टी ठरवायच्या असतात : आज रात्री जागायचे की नाही, आणि पुढच्या महिन्यात तपासणीला जायचे की नाही.