दोन दिवसांचा चित्रपट : रॉजर कॉर्मन यांचे अल्पखर्ची विनोदी भयपट (१९५९-१९६०)

प्रस्तावना :
अमेरिकन चित्रपटाचा इतिहास बहुतांशी हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंचा इतिहास म्हणून लिहिला गेला. त्याच शहरात, त्याच काळात, अत्यल्प भांडवलावर चित्रपट काढणारा एक समांतर व्यवसाय उभा होता. त्याला 'एक्स्प्लॉयटेशन' चित्रपट असे नाव पडले. या शब्दाचे 'शोषण' असे सरळ भाषांतर मात्र दिशाभूल करणारे ठरते. चित्रपटव्यवसायाच्या परिभाषेत त्याचा मूळ अर्थ जाहिरातबाजी, म्हणजे एखाद्या सनसनाटी विषयाचा प्रेक्षक खेचण्यासाठी पुरेपूर उपयोग करणे, असा होता. अर्थात शब्दकोशातील अर्थही या व्यवसायास अगदीच परका नव्हता, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

विवेचन :
इ. स. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाऊंट खटल्यात दिलेल्या निकालामुळे मोठ्या स्टुडिओंना आपली चित्रपटगृहे निर्मितीपासून अलग करावी लागली. पाठोपाठ दूरचित्रवाणी घरोघरी पोहोचली. मोठ्या कंपन्यांनी दुय्यम चित्रपटांची निर्मिती घटविली. परंतु मोटारीत बसून चित्रपट पाहण्याची 'ड्राइव्ह-इन' गृहे १९५८ च्या सुमारास चार हजारांवर गेली होती आणि त्यांना तरुण प्रेक्षकांसाठी सतत नवा माल हवा होता. ही गरज हेरून जेम्स निकल्सन व सॅम्युअल आर्कॉफ यांनी १९५४ मध्ये जी कंपनी स्थापन केली, तीच पुढे अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स या नावाने प्रसिद्धीस आली. आधी शीर्षक, मग भित्तिपत्रक आणि शेवटी पटकथा असा उफराटा क्रम तेथे रूढ होता.

या कंपनीसाठी रॉजर कॉर्मन यांनी १९५९ मध्ये 'अ बकेट ऑफ ब्लड' हा चित्रपट सुमारे पन्नास हजार डॉलरमध्ये, पाच दिवसांत पूर्ण केला. कंपनीला भयपट हवा होता. लेखक चार्ल्स ग्रिफिथ यांनी त्याला विनोदाचे वळण दिले. कॉफीगृहातील एक मंदबुद्धी पोऱ्या चुकून मारलेल्या मांजरावर माती थापतो, बीटनिक कविमंडळी त्याला थोर शिल्पकार ठरवितात आणि ही कीर्ती टिकविण्यासाठी त्याला माणसे मारावी लागतात. कलाक्षेत्रातील दांभिकतेवरील हे उपहासचित्र आजही ताजे वाटते.

त्यानंतरचा 'द लिटल शॉप ऑफ हॉरर्स' (१९६०) हा अधिक विलक्षण प्रयोग होय. दुसऱ्या चित्रपटाचे उरलेले नेपथ्य, सुमारे तीस हजार डॉलर आणि १९५९ च्या डिसेंबरअखेरचे दोन दिवस एवढ्या सामग्रीवर कॉर्मन यांनी त्याचे अंतर्गत चित्रण उरकले. हे साधले कसे? नटसंच नेहमीचा व परस्परांच्या सवयी जाणणारा होता. तालीम आधीच झालेली होती. एकाच वेळी एकाहून अधिक कॅमेरे चालवून लांबलचक प्रसंग सलग टिपले गेले. रस्त्यावरील दृश्ये पुढे ग्रिफिथ आणि नट मेल वेल्स यांनी लॉस एंजेलिसच्या दरिद्री वस्तीत घेतली. माणसे खाणाऱ्या वनस्पतीचा आवाजही ग्रिफिथ यांचाच. संगीत फ्रेड कॅट्झ यांनी मागील चित्रपटाकरिता दिलेलेच पुन्हा वापरले गेले. कथेचा सांगाडाही तोच होता, फक्त शिल्पकाराच्या जागी फुलांच्या दुकानातील नोकर आला. घाई येथे दोष न राहता विनोदाची लय बनली, हे मान्य करावे लागते.

या घाईचे एक कारण नेहमी सांगितले जाते. १ जानेवारी १९६० पासून नटांना पुनर्प्रदर्शनाचा मोबदला द्यावा लागणार होता. तो टाळण्यासाठी चित्रण वर्ष संपण्यापूर्वी उरकले, असे ते कारण. हे विधान जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. नटसंघटनेचा संप मार्च १९६० मध्ये झाला आणि तडजोड एप्रिलमध्ये. तिच्यान्वये ३१ जानेवारी १९६० नंतर सुरू झालेल्या चित्रपटांच्या दूरचित्रवाणी प्रदर्शनाचा मोबदला मान्य झाला; त्यापूर्वीच्या चित्रपटांसाठी मोबदल्याऐवजी निवृत्तिवेतन व आरोग्यनिधीकरिता एकरकमी रक्कम मिळाली. तेव्हा नेमकी तारीख वेगळी असली, तरी डिसेंबरमध्ये राबलेले नट मोबदल्याच्या कक्षेबाहेर राहिले, ही वस्तुस्थिती बदलत नाही.

गंमत अशी, की निर्मात्याच्या हातीही फारसे उरले नाही. पहिल्या प्रदर्शनानंतर या चित्रपटाला काही मोल राहील असे कॉर्मन यांना वाटले नाही. स्वामित्वहक्काची आवश्यक दक्षता घेतली गेली नाही आणि चित्रपट सार्वजनिक मालकीचा झाला. कोणत्याही दूरचित्रवाणी केंद्राला तो फुकट दाखविता येऊ लागला; रात्री उशिराच्या या प्रक्षेपणांतूनच त्याचा निष्ठावंत प्रेक्षकवर्ग घडला. १९८२ मध्ये हॉवर्ड ॲशमन व ॲलन मेंकेन यांनी त्यावर संगीतिका रचली. १९८६ मध्ये फ्रँक ऑझ यांनी त्या संगीतिकेचा चित्रपट केला, तो मात्र कोट्यवधी डॉलर खर्चून.

मूळ चित्रपटात वेदनेत सुख मानणाऱ्या दंतरुग्णाची छोटी भूमिका तेव्हा अज्ञात असलेल्या जॅक निकल्सन यांनी केली होती. पुढे व्हिडिओ कॅसेटच्या काळात अनेक विक्रेत्यांनी याच चित्रपटाच्या वेष्टनावर त्यांचे नाव व छायाचित्र ठळकपणे छापले. चित्रपटात ते एकाच प्रसंगात दिसतात.