अश्वपादरक्षण : भूमी, शस्त्र आणि स्वतःचा खूर

घोड्याच्या पायाचे रक्षण हा विषय वरवर पाहता एकच वाटतो. परंतु त्याचा इतिहास पाहू गेल्यास त्यात निदान तीन निरनिराळे प्रश्न गुंतलेले आहेत असे दिसून येते. जमिनीच्या घर्षणापासून खूर राखणे हा पहिला. शस्त्रापासून किंवा खेळातील काठीपासून पाय राखणे हा दुसरा. आणि घोड्याच्या एका पायापासून त्याचाच दुसरा पाय राखणे हा तिसरा. अश्वारोहणाच्या व्यवहारात आज ज्याला सरसकट 'बूट' म्हणतात, ती वस्तू मुख्यतः तिसऱ्या प्रश्नातून निघालेली आहे. पुढे इतर दोन प्रश्नांची उत्तरेही त्याच संज्ञेखाली आली, आणि कोणत्या कामासाठी कोणता बूट निवडावा याची चर्चा करताना 'कशापासून रक्षण करावयाचे' हा मूळ प्रश्न मागे पडू लागला.

या प्रश्नाला एवढे महत्त्व येण्याचे कारण घोड्याच्या शरीररचनेत आहे. पुढच्या पायाच्या गुडघ्याखाली घोड्याला मांसल स्नायू जवळजवळ नसतो. तेथे असते ती नळीचे हाड, तिच्यामागून जाणाऱ्या कंडरा, आणि वर ताणलेली कातडी. मांडीवर बसलेला मार मांस सोसते. नळीवरचा मार थेट हाडाला किंवा कंडरेला पोहोचतो. कंडरेची जखम भरून येण्यास महिनेच्या महिने लागतात, आणि भरून आली तरी ती जागा पूर्ववत होत नाही.

झेनोफोनने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात अश्वविद्येवर जो ग्रंथ लिहिला, त्यात घोड्याची परीक्षा पायापासून सुरू करावी असे सांगितले आहे. त्यासाठी त्याने घराच्या पायाचा दृष्टान्त दिला आहे. मात्र खुराचे रक्षण आच्छादनाने करावे असे तो कोठेही म्हणत नाही. तबेल्याबाहेर मुठीएवढ्या गोट्यांच्या चारपाच गाड्या पसरून त्यांवर घोडा उभा करावा, म्हणजे खूर आपोआप कठीण होतात, असा त्याचा उपाय आहे. पाय रोज धुऊ नयेत, त्याने खुराला अपाय होतो, हेही तो बजावतो. त्याच ग्रंथाच्या शेवटी मात्र युद्धातील घोड्यासाठी कपाळपट्टी, छातीकवच आणि मांडीकवच सांगितले आहे. मांडीकवचाने घोड्याबरोबर स्वाराची मांडीही झाकली जाते, हा त्याचा विशेष लाभ. म्हणजे भूमीसाठी सराव आणि शस्त्रासाठी आवरण, अशी स्पष्ट विभागणी या ग्रंथात आढळते. गुडघ्याखालच्या नळीसाठी दोहोंपैकी काहीच नाही.

भूमीपासूनच्या रक्षणाचा इतिहास अधिक समृद्ध आहे, आणि भाषेच्या अभ्यासकाला त्यात पुष्कळ सामग्री मिळते. लष्करी मोहिमेत पाय दुखावलेल्या उंटांना चामड्याची पादत्राणे घालीत, असे ॲरिस्टॉटलने नमूद केले आहे. रोमन काळात जनावरांच्या पायात गवताचे आणि लोखंडाचे तळ बांधीत. कातुल्लुसच्या एका कवितेत चिखलात रुतून निघालेल्या खेचरीच्या लोखंडी तळाचा उल्लेख येतो, आणि नीरोच्या खेचरांना चांदीचे तळ होते असे सुएतोनियस सांगतो. व्हेस्पासिअनच्या प्रवासात खेचरवाला वाटेतच उतरून खेचरांना पादत्राणे घालू लागला, अशीही एक कथा त्याने दिली आहे. त्या कथेतील लॅटिन क्रियापद माणसाच्या जोड्यासाठी वापरावयाचेच आहे. वाटेत चढविता येणारी वस्तू खिळ्यांनी ठोकलेली असण्यापेक्षा पट्ट्यांनी बांधलेली असणे अधिक संभवनीय, आणि गॉल, जर्मनी व ब्रिटन येथील उत्खननांत सापडलेले लोखंडी 'हिपोसँडल' त्याला जुळतात. (हे नाव आधुनिक विद्वानांनी बनविलेले आहे, रोमनांचे नव्हे.) खिळ्यांनी ठोकलेल्या चंद्राकार लोखंडाचा निःसंदिग्ध लेखी उल्लेख बायझन्टिअमचा सम्राट सहावा लिओ याच्या युद्धशास्त्रात, म्हणजे इसवी सन ९०० च्या सुमारास, मिळतो. जपानात तर एकोणिसाव्या शतकापर्यंत घोड्यांना गवताच्या दोरीचे जोडे घालण्याची रीत होती. १६९० नंतर तेथे राहिलेल्या केंफरने ते पाहिले, आणि हिरोशिगेच्या १८५७ मधील नाइतो शिंजुकूच्या चित्रात ते घोड्याच्या मागील पायांत स्पष्ट दिसतात.

मराठीतील 'नाल' हा शब्द या परंपरेचा साक्षीदार आहे. अरबीत त्याचा मूळ अर्थ माणसाचे पादत्राण, चप्पल, असाच आहे. फारसीतून आलेल्या 'नालबंद' या सामासिक शब्दात 'बंद' हा बांधण्याचा वाचक आहे. मराठीत आपण नाल ठोकतो किंवा मारतो. पण ठोकणारा मात्र 'नालबंद'च राहिला. शब्दात बांधणे उरले म्हणून वस्तूही एके काळी बांधीतच असत, असा निष्कर्ष येथे काढता येणार नाही. फारसी क्रियापदाची व्याप्ती मोठी आहे. शब्दावरून वस्तूचा इतिहास लिहिण्याचा मोह अशा ठिकाणी आवरावा लागतो.

नालाचा खर्च राज्यकारभाराच्या हिशेबात कसा शिरला, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. आइन-इ-अकबरीत वर्षातून दोनदा नाल बदलण्याची व्यवस्था असून, चार नालांच्या संचाला पूर्वी आठ दाम मिळत ते पुढे दहा झाले, अशी नोंद आहे. मोहिमेवर निघण्यापूर्वी शिलेदाराला जी आगाऊ रक्कम सरकारातून मिळे, तिला पेशवेकालीन व्यवहारात 'नालबंदी' हे नाव होते. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा असे, बारगिराचा सरकारी. साहजिकच नालबंदीची देवघेव पहिल्याशी होई. फारसीत तर चढाई करून आलेल्या फौजेला मुलूख लुटू नये म्हणून द्यावयाच्या खंडणीस 'नालबहा', म्हणजे नालाची किंमत, म्हणत. खुराचा तळ झिजला की सैन्य थांबते, याची जाणीव या दोन्ही शब्दांत आहे.

शस्त्रापासूनच्या रक्षणाकडे वळल्यास चित्र पालटते. घोड्याच्या कवचाला मराठीत 'पाखर' म्हणतात. संस्कृत 'प्रक्षर' हे त्याचे पूर्वरूप. 'मायेची पाखर' या प्रयोगात हे कवच आहे की पाखराचे पंख, यावर मतभेद होऊ शकतो. दोन्ही प्रतिमा एकमेकींत मिसळल्या असाव्यात, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, पाखर कोणत्याही देशाची घेतली तरी ती पोटाच्या किंवा फार तर गुडघ्याच्या आसपास संपते. ड्युरा-युरोपस येथे सापडलेली इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील खवल्यांची अश्वकवचे धड झाकतात, पाय नाही. युरोपात एक अपवाद प्रसिद्ध आहे : व्हिएन्ना येथील १४८० च्या एका चित्रात मॅक्सिमिलियनचा शस्त्रागारप्रमुख ज्या घोड्यावर बसला आहे, त्याचे पायदेखील सांधेदार पत्र्यांनी मढविलेले आहेत. ते कारागिराचे प्रदर्शन होते, रणातली रीत नव्हे. कारणही उघड आहे. पायाच्या टोकाशी बांधलेले वजन प्रत्येक पावलाला उचलून पुढे फेकावे लागते. पाठीवर नगण्य ठरणारे ओझे तेथे घोड्याला थकविते. शिवाय पळणाऱ्या घोड्याचा पाय कापणे शत्रूला सोपे नसते. वेग हेच त्याचे कवच.

तिसरा प्रश्न सर्वांत उशिरा ग्रंथांत आला, यद्यपि घोड्याइतकाच तो जुना असला पाहिजे. चालीत दोष असलेला, थकलेला किंवा कोवळा घोडा एका खुराने समोरच्या पायाच्या आतल्या बाजूला घासतो. भरधाव जाताना मागचा खूर पुढच्या टाचेवर आदळतो. पहिल्या जखमेला हिंदीत 'नेवर' असे नाव आहे. त्याच उच्चाराचा 'नेवर' नूपुर या अर्थीही त्या भाषेत आहे. जखमेची जागा पैंजणाची जागाच असल्याने हे दोन्ही एकच शब्द असणे शक्य आहे. इंग्लंडात यूअटने १८३१ मध्ये आपल्या अश्वविषयक ग्रंथात या जखमांचे प्रकार वेगवेगळे वर्णिले. त्यावरचा तेथील जुना उपाय फारच साधा आहे : जाड लोकरी कापडाचा किंवा नमद्याचा चौकोनी तुकडा खुरावरच्या सांध्याच्या वर नाडीने बांधावयाचा, आणि वरचा अर्धा भाग खाली दुमडावयाचा. याला 'यॉर्कशायर बूट' म्हणत. गुडघ्याची टोपी ही त्याच काळातील दुसरी वस्तू. कठीण रस्त्यावर घोडा पुढे पडला तर गुडघे फुटत, आणि फुटलेल्या गुडघ्याच्या घोड्याची किंमत कायमची उतरे. ॲना स्यूएलच्या १८७७ मधील 'ब्लॅक ब्यूटी'त नायकाचे दैव फिरते ते असेच : नाल निसटलेला, रस्ता खडीचा, स्वार मद्यधुंद. तेथे पहिला प्रश्न आणि तिसरा प्रश्न एकाच अपघातात येऊन मिळतात.

घोडा युद्धातून आणि वाहतुकीतून निघून क्रीडांगणावर आला, तसे कामागणिक बूट वेगळे झाले. पोलोत काठी आणि चेंडू यांचा मार बाहेरून येतो. म्हणून चारही पायांना जाड पट्ट्या किंवा बूट हवेतच. मैदानातून धावत घन अडथळे ओलांडणाऱ्या घोड्याला पुढच्या पायाच्या मागील बाजूस कठीण कवच आणि टाचेवर घंटेच्या आकाराचे रबरी आवरण लागते. पाण्यातून जावे लागत असल्याने ते पाणी शोषणारे असून चालत नाही. गाडीतून नेताना जाड, मऊ आणि उंच आवरण योग्य, कारण तेथे वजनाचा प्रश्नच नसतो. वाळूच्या रिंगणात तेच आवरण घातले तर आत शिरलेली वाळू कातडी सोलून काढील.

उडीच्या स्पर्धेतील निवड सर्वांत विचित्र आहे. तेथील पुढच्या पायाचा बूट समोरून उघडा ठेवतात : मागची कंडरा झाकलेली, नळी मोकळी. दांडीला पाय लागला तर घोड्याला तो कळावा, हा त्यामागील हेतू. रक्षणाच्या साधनात अरक्षित जागा मुद्दाम राखण्याचे दुसरे उदाहरण सहज आठवत नाही. यात घोड्याचे हित मुळीच नाही असे म्हणता येणार नाही, कारण बेपर्वाईने उडी घेणारा घोडा शेवटी स्वतःही पडतो. परंतु याच विचाराने पुढचे पाऊल टाकले गेले, तेव्हा हित पूर्ण संपले. मागच्या पायांचे बूट विशिष्ट आकाराचे करून घट्ट आवळले, की घोडा मागील पाय अनैसर्गिकपणे उंच फेकतो आणि दांडी पडत नाही. नाव रक्षणाचे, काम टोचणीचे. आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाने अशा बुटांवर टप्प्याटप्प्याने निर्बंध आणले, आणि १ जानेवारी २०२१ पासून ते वरिष्ठ स्पर्धांनाही लागू झाले. मागच्या बुटाची आतील लांबी १६ सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावी, आतली बाजू गुळगुळीत असावी, आणि एका पायावरील साऱ्या साहित्याचे वजन नाल सोडून ५०० ग्रॅमच्या वर जाऊ नये, असे नियम झाले. बूट म्हणजे काय याची व्याख्या कापडाने किंवा चामड्याने होईना, तेव्हा ती मोजपट्टीने आणि तराजूने करावी लागली.

निर्दोष हेतूने घातलेले आच्छादनही निरुपद्रवी असतेच असे नाही. दौडीत घोड्याच्या कंडरेच्या गाभ्याचे तापमान ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते, असे विल्सन आणि गुडशिप यांनी १९९४ मध्ये मोजून दाखविले. उघड्या पायाची उष्णता वाऱ्याने निघून जाते. झाकलेल्या पायाची आत कोंडते. जाड लोकरी पट्टी बांधून तासभर घोडा फिरविणारा मोतद्दार ज्या कंडरेला जपतो, तिलाच भाजीत असण्याचा संभव आहे. म्हणून काम संपताच बूट काढणे, आणि हलक्या चालीच्या, निर्दोष पावलाच्या घोड्याला ते मुळीच न घालणे, हीसुद्धा निवडच होय. ड्रेसाज या शिक्षित चालीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तर रिंगणात बूट आणि पट्ट्या दोन्ही निषिद्ध आहेत. तेथे घोडा परीक्षकांसमोर येतो तो उघड्या पायांनी. सरावात त्याच घोड्याच्या चारही पायांना पांढऱ्या पट्ट्या असतात, आणि प्रवेशद्वाराजवळ त्या घाईघाईने सोडल्या जातात.