बुडीत मोजलं, कोरडं राहिलं

ऑगस्ट २०२४ मध्ये तुइरा कयापो गेल्याची बातमी वाचली आणि तिचा तो जुना फोटो पुन्हा डोळ्यांसमोर आला. फेब्रुवारी १९८९. ब्राझीलच्या पारा राज्यातल्या अल्तामिरा गावात सभा भरली आहे. मंचावर सरकारी वीज कंपनीचे अधिकारी, समोर शेकडो आदिवासी. त्यांच्यातली एक तरुण बाई उठते, थेट मंचापाशी जाते आणि हातातल्या कोयत्याचं पातं कंपनीच्या अभियंत्याच्या गालाला टेकवते. त्याला साधं खरचटलंही नाही. पण तो फोटो जगभर छापून आला, जागतिक बँकेकडून वीज क्षेत्रासाठी अपेक्षित असलेलं कर्ज मिळालं नाही आणि शिंगू नदीवरचं धरण कागदावरच राहिलं.

इथपर्यंतची गोष्ट आपल्याला आवडते. दुर्बळ जिंकले, नदी वाचली. मला मात्र त्यापुढची गोष्ट जास्त विचार करायला लावते, कारण पुढे जे धरण झालं ते 'सुधारलेलं' धरण होतं.

आधी हे बघू, की सुधारायचं काय होतं. ॲमेझॉनच्या जंगलात धरण म्हणजे काय, हे ब्राझीलला त्याच सुमारास बाल्बिनाने दाखवून दिलं होतं. मनौस शहराला वीज हवी म्हणून उआतुमा नदी अडवली आणि १९८७ मध्ये दरवाजे बंद केले. जमीन जवळजवळ सपाट, त्यामुळे पाणी पसरतच गेलं. सुमारे २,३६० चौरस किलोमीटर जंगल उभंच्या उभं पाण्याखाली गेलं, आणि वीज किती? क्षमता २५० मेगावॅट. म्हणजे एका मेगावॅटमागे साडेनऊशे हेक्टरच्या आसपास. बुडालेली झाडं कुजून मिथेन सुटत राहिला तो वेगळाच. जंगलात धरण कसं बांधू नये, याचं उदाहरण म्हणून आजही बाल्बिनाचंच नाव घेतात.

शिंगूवरच्या मूळ योजनेचं नाव होतं काराराओ. ही कयापोंची युद्धातली आरोळी. तीच धरणाला दिली म्हणून कयापो आणखी भडकले होते. त्या धरणाचं पाणी १,२०० चौरस किलोमीटरहून जास्त पसरणार होतं, आणि वरच्या अंगाला याच्या पाचपट मोठं आणखी एक धरण ठरलेलं होतं. १९८९ नंतर नाव बदलून 'बेलो मोंते' झालं आणि नकाशाही बदलला. २००१ मध्ये ब्राझीलमध्ये विजेची मोठी टंचाई झाली, तेव्हा हाच नवा नकाशा पुन्हा टेबलावर आला.

अभियांत्रिकी म्हणून बघितलं तर तो नकाशा खरोखर हुशारीचा आहे. अल्तामिराच्या खाली शिंगू एक प्रचंड वळसा घेते. त्याला म्हणतातच वोल्टा ग्रांदे, मोठं वळण. या शंभर-एक किलोमीटरच्या वळणात नदी सुमारे ९० मीटर खाली उतरते. मग उंच भिंत बांधून जंगल बुडवायचं कशाला? वळणाच्या तोंडाशी नदी अडवायची, वीसेक किलोमीटरचा कालवा काढून पाणी वळणाच्या पलीकडे न्यायचं आणि तिथे जनित्रांवर सोडायचं. उतार नदीने आयताच दिलेला आहे. जलाशय ५०० चौरस किलोमीटरच्या आत राहिला आणि क्षमता मात्र ११,२३३ मेगावॅट. एका मेगावॅटमागे साधारण सव्वाचार हेक्टर! बाल्बिनाशेजारी हा आकडा ठेवला की कोणीही मान डोलावेल. शिवाय एकाही आदिवासी क्षेत्राची जमीन बुडत नाही, हेही अभिमानाने सांगितलं गेलं.

बुडत नाही, हे खरं होतं. पण त्या वळणावर जुरुना आणि अरारा लोक राहतात, आणि त्यांच्या दारातली नदीच कालव्यातून दुसरीकडे गेली. पावसाळ्यात शिंगू सेकंदाला वीस हजार घनमीटरहून जास्त पाणी आणायची. आता वळणासाठी एका वर्षी एप्रिलमध्ये जास्तीत जास्त ४,००० आणि दुसऱ्या वर्षी ८,००० असं आलटून पालटून पाणी ठरवलं गेलं. या वाटपाला अधिकृत कागदपत्रांत 'सहमतीचा जलालेख' असं नाव होतं. सहमती कोणाची, हे जुरुनांना विचारावं.

पुराचं पाणी म्हणजे तिथे आपत्ती नव्हेच. नदी चढली की काठची जंगलं पाण्याखाली जातात, झाडांची फळं पाण्यात पडतात, ती मासे खातात आणि तिथेच अंडी घालतात. ह्याला पिरासेमा म्हणतात. पाणी चढलंच नाही तर फळं कोरड्या मातीत पडतात. चढून मध्येच उतरलं तर अंडी वाळून जातात. मासा संपला की मासेमारीही संपली.

पहिलं यंत्र २०१६ मध्ये सुरू झालं, शेवटचं २०१९ मध्ये. कोरड्या महिन्यांत नदीत पाणीच नसतं आणि साठवायला मोठा जलाशय नाही, म्हणून सरासरी वीज ४,५०० मेगावॅटच्या आसपास धरलेली. म्हणजे जंगल कमी बुडवण्याची किंमत वीजही देते. आणि ती वीज वाढवायची तर वळणाचं पाणी आणखी कापावं लागतं.

आपल्याकडे धरण म्हटलं की पहिला शब्द येतो 'बुडीत क्षेत्र'. त्याचा सर्व्हे होतो, त्याचा मोबदला ठरतो, त्यावर आंदोलनं होतात. धरणाच्या खाली जे कोरडं पडतं त्याला मात्र असा रुळलेला शब्द मला आठवत नाही. ब्राझीलच्या अभियंत्यांना लबाड म्हणावंसं मला वाटत नाही. त्यांना बाल्बिनाची चूक टाळायची होती आणि ती त्यांनी टाळली. फक्त नुकसान मोजायची पट्टी त्यांनी बाल्बिनाहूनच आणली होती, आणि त्या पट्टीवर कोरड्या नदीची खूणच नव्हती.

ती खूण आता जुरुना स्वतः करताहेत. गेली दहा-बारा वर्षं ते शास्त्रज्ञांबरोबर किती मासे मिळाले, पाणी किती चढलं, कधी उतरलं, याच्या नोंदी ठेवत आहेत. त्यातूनच २०२२ मध्ये त्यांनी पाणी कधी आणि किती सोडावं याचं स्वतःचं वेळापत्रक मांडलं, माशांच्या अंड्यांच्या हिशेबाने. त्याला नाव दिलं पिरासेमाचा जलालेख.

तुइराच्या कोयत्याचा फोटो सगळ्या जगाने पाहिला. या नोंदवह्यांचा तसा फोटो कोणी काढणार नाही. पण कमी नुकसानीचं धरण खरंच बांधायचं असेल, तर सुरुवात त्या वह्यांपासून करावी लागेल असं मला वाटतं.