नोंदवही ते कॅटलॉग

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या फोटो स्टुडिओंचा इतिहास सहसा कॅमेऱ्यांचा म्हणून सांगितला जातो. खरा तो नोंदवहीचा आहे. निगेटिव्ह पाकिटात, पाकिटावर क्रमांक, तोच क्रमांक वहीत. या शिस्तीमुळेच जुन्या लग्नाच्या फोटोची जादा प्रत काढून देता येई. २००७ साली अ‍ॅडोबीचे लाइटरूम हे फोटो सांभाळण्याचे सॉफ्टवेअर आले आणि वहीची जागा त्याच्या कॅटलॉगने घेतली. म्हणून लाइटरूमची नवी आवृत्ती बसवल्यावर काम रखडले, तर दोष फोटोंचा नसतो. कॅटलॉग नव्या रचनेत उतरत असतो, प्रीव्ह्यू पुन्हा बनत असतात. वही नव्याने उतरवून काढतानाही दुकान मंदावतेच.

कुणी म्हणेल, संगणकच जुना झाला, बदला. नवी आवृत्ती ग्राफिक्स कार्डाकडून जास्त मागते, हे खरे. पण आधी बॅकअप घेऊन कॅटलॉग ऑप्टिमाइझ करावा, तो बाहेरच्या हार्डडिस्कवर असेल तर आतल्या एसएसडीवर आणावा आणि प्रीव्ह्यू रात्रभर बनू द्यावेत. तरीही अडले, तरच खर्च. २०१६ मध्ये गूगलने पिकासा हे फोटो सांभाळण्याचे सॉफ्टवेअरच बंद केले. सॉफ्टवेअर येते, जाते; नीट जपलेली नोंदच घराघरांतल्या आठवणी राखते.