स्नोडनचा वाटाड्या

वर्डस्वर्थचे स्नोडन-आरोहण आपण वर्गात शिकवतो ते कल्पनाशक्तीच्या साक्षात्काराचा प्रसंग म्हणून. ‘द प्रिल्यूड’च्या १८०५च्या संहितेत तो तेराव्या म्हणजे अखेरच्या सर्गात येतो, तर १८५०च्या मुद्रित आवृत्तीत चौदाव्या. येथे मात्र आम्हांला तो इतिहासाचा एक दस्तऐवज म्हणून वाचावयाचा आहे.

वेल्समधील या शिखराची उंची १,०८५ मीटर. नेहमीच्या वाटेने जाताना दोर लागत नाही, लागतो तो वाट जाणणारा माणूस. थॉमस पेनंटचे स्नोडन-प्रवासाचे पुस्तक १७८१ साली प्रसिद्ध झाले आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात निसर्गदर्शनासाठी वेल्सला जाण्याची प्रथाच पडली. १७९१च्या उन्हाळ्यात एकवीस वर्षांचा वर्डस्वर्थ आपला मित्र रॉबर्ट जोन्स याच्यासह पायी निघाला, तो याच प्रथेतला एक प्रवासी होता. शिखरावरून सूर्योदय पाहावा म्हणून दोघांनी रात्री पायथ्याच्या झोपडीतल्या मेंढपाळाला उठवले. परक्यांना वर नेणे हे या मेंढपाळाचे पूर्वापार हक्काचे काम आहे, असे कवी सांगतो. या वर्णनाला आपल्याकडील वतनाची छटा आहे. पर्यटनाचा व्यवसाय संघटित होण्यापूर्वीच डोंगरावर वाटाड्याची वृत्ती स्थिरावली होती, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

आता सर्वनामांकडे पाहावे. प्रसंग सुरू होतो ‘मी’ने. झोपडीशी पोहोचताच त्याचा ‘आम्ही’ होतो. वाटाड्याशी चार इकडच्या तिकडच्या गोष्टी होतात, मग सारे मुकाट्याने चालू लागतात; मेंढपाळाचा कुत्रा एक साळू हुडकून काढतो. पुढे सर्वांत अंतर पडते, कवी योगायोगाने आघाडीवर येतो, पायांखालची जमीन उजळते आणि ‘मी’ परत येतो. वर चंद्र, खाली धुक्याचा समुद्र, त्यातील विवरातून उठणारा असंख्य प्रवाहांचा घोष. ज्या सूर्योदयासाठी निघाले, तो कवितेत येतच नाही. मेंढपाळही पुन्हा येत नाही. त्याचे नाव नाही, त्याला काय मिळाले याचाही उल्लेख नाही.

यात कवीला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. मेंढपाळाचा हक्क नोंदवणारा तोच आहे. त्या दोन ओळी नसत्या तर हा माणूस आपल्याला ठाऊकच झाला नसता. प्रश्न आपल्या वाचनाचा आहे. भाष्ये चंद्रापासून सुरू होतात, झोपडीपासून नव्हे. एकाकी आत्म्याचे म्हणून गाजलेले हे दर्शन तिघांच्या चालीतून घडले आणि अंधारातली वाट त्यांतल्या एकालाच ठाऊक होती.

१८९६ मध्ये या शिखरावर रेल्वे पोहोचली. २०२२ मध्ये तेथील राष्ट्रीय उद्यानाच्या प्राधिकरणाने ‘अर विद्वा’ हे मूळचे वेल्श नाव वापरण्याचे ठरवले. डोंगराला त्याचे नाव मिळाले. वाटाड्याचे मिळण्याची आशा नाही. निदान हा उतारा शिकवताना सुरुवात त्या झोपडीच्या दारापासून करणे आपल्या हाती आहे.