रंध्याची रेघ

फळी हातात आली की मी आधी ती दाराकडे धरतो. उजेड तिरका पडला की प्लेनरमधून निघालेल्या गुळगुळीत फळीवरसुद्धा लाटा दिसतात, ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा. यंत्राचं डोकं फिरताना त्यातलं एकेक पातं लाकडाचा घास घेत जातं, त्याच्या या खुणा. पाती कितीही जपून बसवा, एखादं केसभर पुढे राहतंच. मग ठरावीक अंतराने एक लाट जरा खोल उमटते. उमेदवारीच्या काळात एकदा माझ्या हातून खिळा राहिलेली जुनी सागवानी फळी यंत्रात गेली. पात्याला खाच पडली आणि संध्याकाळपर्यंत निघालेल्या प्रत्येक फळीवर बारीक उठाव आला. मालकांनी काही विचारलं नाही. त्या उठावावरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

म्हणूनच आर्थर कोहलर मला माझ्या धंद्यातला माणूस वाटतो. सुताराचा हा मुलगा अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनच्या सरकारी वनोपज प्रयोगशाळेत लाकूड ओळखण्याचं काम करायचा. १ मार्च १९३२ च्या रात्री न्यू जर्सीत होपवेलजवळच्या घरातून विमानवीर चार्ल्स लिंडबर्ग यांचं वीस महिन्यांचं बाळ पळवलं गेलं. खंडणी भरूनही ते जिवंत परतलं नाही. घराबाहेर एक पटाशी आणि तीन तुकड्यांची शिडी सापडली. शिडी घरीच ठोकलेली होती, आणि कोणी चांगल्या हाताने केलेली नव्हती.

१९३३ च्या सुरुवातीला कोहलर यांनी ती पूर्ण सुटी केली. पायऱ्यांना आणि बाजूच्या दांड्यांना क्रमांक दिले. तळाच्या दोन दांड्यांवर, १२ आणि १३ वर, त्यांना प्लेनरच्या लाटा दिसल्या. खोल लाट किती लाटांनी परत येते ते मोजलं की डोक्यात किती पाती आहेत ते कळतं. तिथे वर-खाली आठ आणि कडांना सहा पाती होती. दोन खोल लाटांमधलं अंतर मोजलं की डोक्याच्या एका फेऱ्यात फळी किती सरकते तेही कळतं. म्हणजे लाकडावरून यंत्र उभं राहिलं. मी यंत्राशेजारी आयुष्य काढलं, पण लाटा मोजून उलटा माग काढावा हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

पाइनचं ते लाकूड अमेरिकेच्या दक्षिणेकडचं. कोहलर यांनी न्यूयॉर्कपासून अलाबामापर्यंतच्या १,५९८ गिरण्यांना पत्रं पाठवली. तसं यंत्र पंचविसेक ठिकाणीच निघालं. त्यांच्याकडून नमुने मागवले आणि खुणा जुळल्या त्या साउथ कॅरोलायनातल्या मॅककॉर्मिकच्या डॉर्न गिरणीशी. मग तिथून उत्तरेला गेलेला माल कोणी घेतला, याची वखारीमागून वखार चौकशी सुरू झाली. माल तर कधीच विकला गेलेला. पण न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या एका वखारीत त्याच मालातून माल ठेवायचे कप्पे ठोकलेले होते. त्यातला एक तुकडा कापून घेतला आणि लाटा जुळल्या! ही १९३३ च्या नोव्हेंबरची गोष्ट. पुढे मात्र वाट संपली, कारण रोखीच्या गिऱ्हाइकांची नावं लिहून ठेवलेली नव्हती.

सप्टेंबर १९३४ मध्ये खंडणीतल्या नोटेवरून ब्रुनो हौप्टमान पकडला गेला. तो व्यवसायाने सुतार. त्याच वखारीत त्याने काम केलं होतं आणि डिसेंबर १९३१ मध्ये तिथून लाकूडही घेतलं होतं. त्याच्या घराच्या माळ्यावरच्या तक्तपोशीतली एक फळी अर्धवट कापलेली होती. शिडीच्या १६ क्रमांकाच्या दांड्याला चौकोनी खिळ्यांची चार भोकं होती, ती माळ्याच्या तुळयांमधल्या भोकांवर नेमकी बसली.

पात्याच्या खुणांवरून यंत्र ओळखावं, तसाच बंदुकीच्या गोळीचा माग काढतात. नळीच्या आत आटे कापणाऱ्या हत्याराच्या रेघा नळीत राहतात आणि सुटणाऱ्या प्रत्येक गोळीवर उमटतात. १९२० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये कॅल्विन गॉडर्ड आणि त्यांचे सहकारी दोन गोळ्या एकाच नेत्रभिंगातून शेजारी शेजारी बघू लागले होते. कोहलर यांनी तेच लाकडावर केलं.

जानेवारी १९३५ मध्ये फ्लेमिंग्टनच्या कोर्टात ते साक्षीला उभे राहिले, तेव्हा आरोपीच्या वकिलांनी हरकत घेतली की लाकडाचा तज्ज्ञ अशी चीजच जगात नाही. हे वाचताना मला राग येतो. वासावरून सागवान आणि शिवण वेगळे सांगणारी किती माणसं मी पाहिली आहेत. न्यायाधीश ट्रेंचर्ड यांनी हरकत मानली नाही. कोहलर यांनी न्यायाधीशांच्याच मेजाला पकड लावून लाकडाचा तुकडा आवळला आणि हौप्टमानचा रंधा त्यावर चालवला. मग कागद ठेवून वरून पेन्सिल घासली. कागदावर आलेल्या रेघा शिडीवरच्या हातरंध्याच्या रेघांशी जुळल्या.

हौप्टमानने गुन्हा शेवटपर्यंत नाकारला. ३ एप्रिल १९३६ रोजी त्याला विजेच्या खुर्चीत मृत्युदंड दिला गेला, आणि त्या खटल्यावर लोक अजून भांडतात. मी मात्र त्या रंध्यापाशी अडतो. धार लावली की पात्यावरच्या बारीक खाचा बदलतात आणि रेघाही बदलतात. तीन वर्षांनी रेघा जुळल्या असतील, तर त्या सुताराने मधे पातं दगडावर घासलंच नव्हतं.

हे वाचलं त्या रविवारी मी बाबांचा रंधा काढला. त्यांनी केलेल्या देव्हाऱ्याच्या मागच्या फळीला पॉलिश नाही. तिच्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली. मग तोच रंधा एका नव्या तुकड्यावर चालवून दुसरा कागद घेतला. दोन्ही खिडकीशी शेजारी धरले. रेघा जुळल्या नाहीत. ते पातं मी दर आठवड्याला दगडावर घेतो. बाबांनी लावलेली धार आता फक्त त्या फळीवर आणि पहिल्या कागदावर आहे. तो कागद मी रंध्याच्या पेटीत घडी न घालता ठेवला आहे.