स्प्रे गन (लाकडी हस्तकला)

स्प्रे गन हे दाबाखालील हवेच्या साहाय्याने रंगाचे सूक्ष्म तुषार करून ते पृष्ठभागावर बसविणारे साधन आहे. खेळणी, पशुपक्ष्यांच्या आकृती, फळांच्या प्रतिकृती यांसारख्या लहान लाकडी वस्तूंच्या खाचांत ब्रशने लावलेला रंग साचतो. म्हणून मूळ थरासाठी फवारणी सोयीची ठरते. डोळे, भुवया व नक्षी मात्र कुंचल्यानेच रेखाटली जाते.

इतिहास

अमेरिकेतील टोलीडो येथील डॉ. ॲलन डेव्हिलबिस यांनी घशात औषध फवारण्याचे उपकरण बनविले होते. त्याच तत्त्वावर त्यांचे पुत्र थॉमस यांनी १९०७ मध्ये रंगाची स्प्रे गन विकसित केली. १९२० च्या दशकात मोटारींसाठी 'ड्युको' या नावाने लवकर वाळणारा नायट्रोसेल्युलोज रंग बाजारात आला. नांदेड जिल्ह्याला लागून असलेल्या तेलंगणातील निर्मल येथील प्रसिद्ध खेळण्यांपर्यंतही तो पोहोचला. ही खेळणी पोनिकी या हलक्या लाकडाची असून चिंचोक्याची खळ व लाकडाचा भुसा यांच्या लगद्याने त्यांचे सांधे बुजवितात.

निवड

लहान वस्तूंसाठी नोझलच्या छिद्राचा व्यास सर्वांत महत्त्वाचा. एअरब्रशचे छिद्र साधारण ०.२ ते ०.५ मिमी, मिनी गनचे ०.५ ते १ मिमी, तर फर्निचरसाठीच्या मोठ्या गनचे १.३ मिमी वा अधिक असते. मोठ्या गनने बोटभर लांबीच्या बाहुलीवर रंग दिल्यास बराचसा रंग हवेत वाया जातो व उरलेल्याचे ओघळ येतात. भिंतींसाठी विकले जाणारे विजेचे हातफवारे तर या कामाला अयोग्यच. एकाच रंगाच्या अनेक वस्तूंसाठी मिनी गन, छटा मिसळण्यासाठी एअरब्रश, अशी विभागणी व्यवहार्य आहे. रंगाचे भांडे वरच्या बाजूस असलेली गन थोड्या रंगातही चालते व लवकर धुता येते.

कमी दाबाच्या, 'एचव्हीएलपी' प्रकारच्या गनमध्ये टोकाशी हवेचा दाब १० पीएसआयपेक्षा अधिक नसतो. त्यामुळे तुषार कमी उसळतात. मात्र हवा अधिक लागते. गन घेताना कॉम्प्रेसरची क्षमता आधी पाहावी ती यासाठीच. एक अश्वशक्तीचा, २५ ते ५० लिटर टाकीचा कॉम्प्रेसर मिनी गनला सामान्यतः पुरतो; मोठ्या गनला पुरत नाही.

हवामानाचा परिणाम

रेणापूर, लातूर, नांदेड या भागांत उन्हाळ्यात रंग वस्तूवर पोहोचण्याआधीच वाळून पृष्ठभाग खरखरीत होतो. अशा वेळी सावकाश उडणारे थिनर वापरून सकाळी काम करतात. पावसाळ्यात याउलट, दमट हवेमुळे नायट्रोसेल्युलोज रंगावर पांढरट झाक येते. कॉम्प्रेसरच्या नळीतील पाणी अडविणारी गाळणी या ऋतूत अत्यावश्यक असते.

सुरक्षितता

थिनरची वाफ ज्वालाग्राही व विषारी असते. कापडी मास्क ती अडवीत नाही. कोळशाच्या गाळणीचा मास्क व वाहती हवा आवश्यक आहे.

खेळणी मुले तोंडात घालतात, हा प्रश्न त्याहून गंभीर. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिसे दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा २०१६ चा केंद्रीय नियम औद्योगिक रंगांना लागू नाही. त्यामुळे मोटारींसाठीचा रंग खेळण्यांवर वापरण्यापूर्वी तो शिसेरहित असल्याची लेखी खात्री करून घ्यावी लागते. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक चिन्ह सक्तीचे झाले, परंतु हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणीकृत कारागिरांनी बनवून विकलेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे.